जेकशेन अके आणि मोजणीवाले

जेकशेन अकेंच्या पाच मेंढ्या एका रात्रीत मेल्या आणि मला बोलावणं आलं नाही, तेव्हाच मला खटकलं होतं. आमच्या सारी-कुंगेय गावात गुरांचा डॉक्टर मी एकटाच. कोणाची शेळी शिंकली तरी लोक मला जेवणावरून उठवून नेतात. पाच मेंढ्या गेल्या आणि माणूस गप्प, हे आमच्या गावात होत नाही. मला कळलं ते त्यांच्या शेजाऱ्याकडून, मातायकडून.

मी गेलो तेव्हा अके मेंढ्या पुरायला खड्डा खणत होते. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला अके म्हणतात, बाईला आपा. वय बहात्तर, पण कुदळ अशी चालवत होते की जणू जमिनीशी जुनं वैर आहे.

"तुला कोणी बोलावलं?"

"मेंढ्यांनी."

"त्या मेल्या. आता तू काय, त्यांचा ताप बघणार?"

मी वाकून एकीची मान उलटी केली. गळ्याखाली दोन भोकं, स्वच्छ, दाभणानं पाडावीत तशी. बाकी अंगाला ओरखडा नाही. दुसरी तशीच, तिसरीही तशीच.

"लांडगा," अके म्हणाले.

"अके, लांडगा मागून फाडतो. मांड्या, पोट. हे गळ्यावर आहे."

"तरणा लांडगा असेल. शिकत असेल."

"आणि आला कुठून? दार तर बंद होतं. छपराचं गवत तेवढं खाली पडलंय. तरणे लांडगे आता छपरातून उतरायला लागले?"

त्यांनी कुदळ थांबवली आणि माझ्याकडे पाहिलं. "डॉक्टर, तू शेळ्यांचा डॉक्टर आहेस ना? मग शेळ्यांचंच बघ. कागदावर लांडगा लिही."

मी लांडगा लिहिलं. पण घरी येताना डोक्यात किडा वळवळायला लागला. छपरातून उतरून गळा धरतो तो हिमबिबट्या. हिमबिबट्यानं मेंढी मारली तर राजधानीतली, बिश्केकची, बिबटे वाचवणारी संस्था मेंढीच्या बदल्यात मेंढी देत होती, नुसता माझा कागद लागायचा. गावातले लोक कुत्र्यानं मारलेल्या मेंढीवरही बिबट्याचं नाव घालायला माझ्यामागे लागत. आणि ज्याच्या खरंच बिबट्यानं मारल्या, तो म्हणतो लांडगा! पाच मेंढ्या सोडून देण्यासारखं या माणसाकडे असं काय होतं?

जेकशेन अके कोण होते हे आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे आजोबा शिकारी, पण जुन्या वळणाचे. डोंगरावर चढायच्या आधी ते खालच्या झऱ्याजवळच्या तीन आर्चा झाडांपाशी थांबत, फांदीला कापडाची पट्टी बांधत आणि डोंगराच्या धन्याची परवानगी मागत. रानबकरा मारला तर एकच. गाभण मादी दिसली की बंदूक खाली. हिमबिबट्याचं तर नावही घेत नसत, 'वरचा' म्हणत. वरच्याचं नाव घेतलं की तो मान वळवून बघतो, अशी त्यांची समजूत.

नातू सरकारी शाळेत शिकला. त्याला शिकवलं गेलं की डोंगराला धनी-बिनी कोणी नाही, डोंगर म्हणजे जनतेचं कोठार, आणि कोठारातलं काढायला कोणाची परवानगी लागत नाही. नातवाला ते पटलं. कोणाला पटलं नसतं? त्याच कोठारानं रस्ता दिला, दवाखाना दिला, वीज दिली. बिळात राहणारे मार्मोट विष घालून मारले, लांडगे पिल्लांसकट मारले, आर्चा तोडून सामुदायिक शेताची कुंपणं केली. आणि जेकशेन पंचविशीत असताना सरकारच्या पकड-तुकडीत गेला. काम एकच, हिमबिबटे जिवंत पकडायचे. जगभरच्या प्राणिसंग्रहालयांना ते हवे होते.

अकेंनी अठरा वर्षांत अकरा पकडले. सापळ्याच्या लोखंडी जबड्याला लोकरीचा जाड नमदा गुंडाळायचा, म्हणजे पाय मोडत नाही. मग दोघांनी बेचक्याच्या काठ्यांनी मान दाबायची, तिसऱ्यानं पोतं टाकायचं. छातीवर पदक, घरात बक्षिसाचा रेडिओ, पेपरात फोटो. ते सापळे अजून त्यांच्या कोठीत खुंटीला टांगलेले होते. मी स्वतः पाहिले होते. तेल लावलेले.

म्हणून मला वाटलं ते साधं होतं: म्हातारा पुन्हा पकडतोय. आता जिवंत नाही, कातडं. सीमेपलीकडे गिऱ्हाईक आहे असं लोक बोलत. गावात बोभाटा नको म्हणून लांडगा.

त्यात आणखी एक गंमत होती. संस्थेनं खोऱ्यात आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांच्या बारा पेट्या बसवल्या होत्या, आणि त्या बसवायला, सांभाळायला माणूस नेमला होता तो जेकशेन अकेच. संस्थेची पेरिझात नावाची मुलगी, तिशीतली, बिश्केकहून यायची. ती म्हणायची, "या डोंगराचा दगडन् दगड अकेंना ठाऊक आहे." ठाऊक होताच. पण दोन हिवाळे झाले, बारा कॅमेऱ्यांत एकही बिबट्या आला नाही. आल्या त्या मातायच्या गाई. आला वारा. एकदा तुर्सुन आपाचा फोटो आला, चोरून सरपण नेताना. डोक्याच्या रुमालानं तोंड झाकून पेटीकडे मूठ उगारलेली. गावभर हशा झाला. पण हशाखाली भीती होती.

"या पेट्या बिबट्यासाठी नाहीत," माताय चहाच्या घोटाघोटाला सांगायचा. "बिबट्याचं निमित्त. मोजताहेत ती आपली मेंढरं. आज फोटो, उद्या गवताच्या काडीवर पावती."

"मग त्या म्हाताऱ्याला विचार की," कोणीतरी म्हणायचं.

"त्याला काय विचारायचं? तो त्यांचाच. सरकार कुठलंही असो, जेकशेनला डोंगरावर कामाला ठेवतंच."

शरदात एक दिवस वरच्या कुरणात घोडी बघायला जायचं निमित्त केलं आणि मी अकेंच्या मागावर निघालो. लपतछपत नाही, आमच्याकडे उघड्या उतारावर लपणार कुठे? अंतर ठेवून. दुपारी ते खिंडीच्या कडेला उतरले, घोडा बांधला आणि एका पेटीपाशी गुडघे टेकले. मला वाटलं, सापळा लावताहेत. मी पुढे झालो.

ते पेटीचा पट्टा सैल करून तिचं तोंड खडकाकडे वळवत होते. हळूच, जणू झोपलेल्या पोराची मान उशीवर ठेवताहेत. मग खडकावरच्या बर्फात उठलेले मोठे गोल ठसे त्यांनी टोपीनं पुसले.

"अके."

ते दचकले नाहीत. "घोडी बघायला आलास ना? घोडी खाली आहे."

"दोन वर्षं तुम्ही हेच करताय?"

"नाही. आधी पेट्या चुकीच्या जागी लावायचो. पण ती पोरगी हुशार आहे, जागा ओळखायला शिकली. म्हणून आता तोंडं वळवतो. ती यायच्या आधी परत सरळ करतो."

मी खाली दगडावर बसलो. त्यांनी खिशातून कुरुतचे दोन गोळे काढले, एक मला दिला. ते खारट वाळलेलं दही आम्ही चघळत बसलो.

"कोणासाठी लपवताय?" मी शेवटी विचारलं. "कातड्याचं गिऱ्हाईक कोण आहे?"

ते हसले. दात थोडेच उरले होते. "असं वाटलं होय तुला? बरोबर आहे. मलाही तसंच वाटलं असतं." मग त्यांनी दूर पांढऱ्या कड्याकडे बोट केलं. "मी पकडायला लागायच्या आदल्या वर्षी दोन साहेब आले होते. विद्यापीठाचे. इतकी भली माणसं! एकानं माझ्या आईच्या गुडघ्याला मलम दिलं. त्यांना फक्त मोजायचं होतं. ठसे मोजायचे, वहीत लिहायचं. मीच त्यांना फिरवलं, मीच प्रत्येक गुहा दाखवली. मला वाटलं, आपल्या डोंगराला मान मिळतोय. आकडा वर गेला आणि पुढच्या वसंतात हुकूम खाली आला, की एवढे आहेत, तर एवढे पकडा. डॉक्टर, मोजणारा आणि नेणारा वेगवेगळे असतात, पण रस्ता एकच असतो."

"ती वेळ वेगळी होती. आता लोक बदललेत. आता त्यांना वाचवायचंय."

"हो ना. माझे आजोबा वरच्याला भीत होते. आम्ही भीत नव्हतो. आणि ही पोरं त्याच्यावर प्रेम करतात. तिन्हींत मला प्रेमाचीच धास्ती जास्त. भिणारा लांब राहतो. प्रेम करणारा जवळ येतो, मग विचारतो, किती आहेत, कुठे झोपतात, काय खातात."

मी पेरिझातला काही सांगितलं नाही, आणि त्या दिवसापासून मीही त्यांच्या लबाडीत सामील झालो. पण माझी शंका पूर्ण गेली होती असं नाही. माणूस इतकं खरं बोलतो तेव्हा त्यामागे आणखी काही असेल असं वाटतंच. हिवाळाभर मी त्यांच्या कोठीवर नजर ठेवली. सापळे खुंटीवरच होते.

वसंतात पेरिझात आली ती पडेल चेहऱ्यानं. शाळेत सभा बोलावली होती. तिच्या शेजारी चकचकीत बुटांचा एक माणूस बसला होता, सोन्याच्या शोधात खोदकाम करणाऱ्या कुठल्याशा कंपनीचा. त्यानं सांगितलं की आमच्या या कोक-झारच्या खोऱ्यात दुर्मीळ प्राणी नाही असं खुद्द संस्थेच्या अहवालातच आहे, तेव्हा वरच्या भागात रस्ता करायला अडचण उरली नाही. गावातल्या वीस जणांना काम मिळेल. मातायनं सगळ्यात आधी टाळ्या वाजवल्या.

अके भिंतीला टेकून उभे होते. चेहरा राखेसारखा. सभा संपल्यावर ते पेरिझातला शाळेच्या अंगणात आडवे गेले. मी सोबत होतो.

"तू आणि हा बूटवाला एकाच ताटात जेवता काय?"

तिला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती भडकली. "अके, मी दोन वर्षं थंडीत बोटं गोठवून घेतली. मला इथे बिबट्या सापडावा म्हणून! आणि तुम्ही मला हे बोलता?"

"सापडला असता तर काय करणार होतीस?"

"काही नाही."

"काही न करायला कोणी बिश्केकहून इथवर येतं?"

"काही केलं जाऊ नये म्हणून येतं!" ती जवळजवळ ओरडलीच. डोळ्यांत पाणी होतं. "आता खोऱ्याचं नाव आमच्या यादीतून निघेल. मी काही करू शकत नाही. यंत्रं येतील."

अके तिच्याकडे बघत राहिले. घोडा विकत घेताना दात बघतात तसे. मग म्हणाले, "घरी चल. चहा घे."

त्यांच्या घरी अनिपा आपानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, जेवणाचं कापड, दस्तरखान, पसरला. अकेंनी गरम नान दोन्ही हातांत धरला आणि पेरिझातपुढे केला. "यावर हात ठेव. ज्या जागी वरचा राहतो त्या जागेचं नाव कागदावर लिहायचं नाही. खोऱ्याचं लिही, खिंडीचं नाही. घे शपथ."

पेरिझातनं आळीपाळीनं आम्हा तिघांकडे पाहिलं. तिच्या लक्षात आलं. पेट्या कोण वळवत होतं, कधीपासून, सगळं. मला वाटलं, आता उठून जाईल, तक्रार करेल. तिनं नानवर हात ठेवला.

"शपथेवर भरवसा आहे तुमचा?" ती गेल्यावर मी विचारलं.

"अजिबात नाही. पण यंत्रावर त्याहून कमी. यंत्र डोंगरच घेऊन जातं. हिची पेटी निदान डोंगर जागच्या जागी ठेवते."

तिसऱ्या दिवशी ते दोघं वर गेले. एका झुकलेल्या खडकाखाली अकेंनी पेटी स्वतः बांधली, सरळ, गुडघ्याच्या उंचीवर. सव्वीस दिवसांनी पेरिझातनं ती उघडली आणि धावतच खाली आली. आम्ही तिच्या लहानशा पडद्याभोवती डोकी जमवली.

मादी होती, दोन मोठ्या पिल्लांसह. एका फोटोत ती खडकाला गाल घासत होती. दुसऱ्यात उन्हात आडवी, पाय सैल सोडलेले. तिसऱ्यात जांभई. पिल्लू तिची शेपूट तोंडात धरून बसलेलं.

अकेंनी पडदा हातात घेतला आणि परत दिलाच नाही. अनिपा आपानं चहा ठेवला, तो निवला.

"अकरा पाहिले मी हातभर अंतरावरून," ते शेवटी म्हणाले. "सगळ्यांचे कान मागे, दात बाहेर. मला वाटायचं, याचं तोंडच असं असतं."

मग उठून ते बाहेर घोड्याकडे गेले. आम्ही कोणी मागे गेलो नाही.

फोटो वर पोचले आणि कंपनीचा रस्ता थांबला. चकचकीत बूट पुन्हा दिसले नाहीत. इथवर सगळं बरं झालं. पण दीड वर्षानं खोरं 'राखीव' झालं, आणि तेव्हा मात्र अकेंची जुनी शंका अर्धी खरी ठरली. खिंडीच्या तोंडाशी फाटक आलं, पाटी आली. वरचं कुरण बंद. मातायच्या दोनशे मेंढ्यांना उन्हाळ्यात जागा उरली नाही. आणि एका कर्मचाऱ्यानं झऱ्याजवळच्या तीन आर्चांवरच्या कापडाच्या सगळ्या पट्ट्या कापून पोत्यात भरल्या. जंगलात कचरा नको म्हणून.

त्यातली एक पट्टी अनिपा आपाच्या मेलेल्या मुलीच्या कपड्याची होती. त्या दिवसापासून आपा नवऱ्याशी बोलेनात. जेवण वाढायच्या, पण शब्द नाही. गावही बोलेना. माताय तर भर रस्त्यात थुंकला. "विकलंस आम्हाला! तरी मी म्हणत होतो, कोणाची मेंढरं मोजताहेत!"

"तू बरोबर म्हणत होतास," अके म्हणाले. माताय त्यानं आणखी चिडला.

मग राखीव वनवाल्यांनी अकेंना पहारेकऱ्याची नोकरी देऊ केली. मला वाटलं, ते लाथाडतील. त्यांनी घेतली.

"गाव काय म्हणेल?" मी विचारलं.

"जे म्हणायचं ते म्हणून झालंय. माझ्या जागी दुसरा बसला तर तो आत काय करतो हे मला कोण सांगणार?"

फाटकाची किल्ली हातात आल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते नियमाविरुद्ध. दर गुरुवारी झऱ्यावर जाणाऱ्या बायकांना आत सोडायला लागले. त्यांना ताकीद मिळाली. दुसरी मिळाली. तिसरीच्या वेळी ते ताकिदीचा कागद खिशात घालून नारीन शहरातल्या राखीव वनाच्या कचेरीत गेले आणि दाराबाहेरच्या बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी पुन्हा. असे दोन वर्षं, महिन्यातून एकदा-दोनदा. पेरिझातनं त्यांचा अर्ज लिहून दिला. अकेंनी तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला, तिनं मध्येच काही घुसवलं आहे का बघायला. काही नव्हतं. झऱ्यापर्यंत पायवाट उघडी झाली. कुरण काही उघडलं नाही.

परवानगी आली त्या दिवशी अनिपा आपा नवी पट्टी घेऊन निघाल्या. दारात थांबून नवऱ्याला म्हणाल्या, "टोपी घाल. वर वारा आहे." तेवढंच. पण अके इतके घाईनं उठले की चहाची वाटी लवंडली.

अके सहा वर्षं पहारेकरी होते. शेवटपर्यंत त्यांचा कोणावरही भरवसा बसला नाही. पेरिझातच्या प्रत्येक नव्या माणसाला ते सावलीसारखे चिकटत. एकदा मीच संस्थेकडून मेंढ्यांच्या लशी घेतल्या, तर मला म्हणाले, "औषध फुकट का देतात ते विचारलंस?" मी विचारलं नव्हतं. मग विचारलं. बिबट्यांना मेंढ्यांचे रोग लागू नयेत म्हणून. ते ऐकून अके अर्धा दिवस विचारात होते, त्यात कुठे खोट आहे ते शोधत.

फेब्रुवारीत थंडीनं छाती भरली आणि पाचव्या दिवशी ते गेले. अंगणात पांढरं नमद्याचं घर उभारलं, त्यात त्यांना ठेवलं. बायका आत भिंतीकडे तोंड करून शोक गात होत्या, आम्ही पुरुष बाहेर काठ्यांवर वाकून रडत होतो. माताय आला. वर्षानुवर्षं बोलत नव्हता, पण सगळ्यांत मोठ्यानं तोच रडला. त्याची मेंढरं त्या वर्षी अर्ध्यावर आली होती. रडण्यात तेही असेल.

दुपारी एक गाडी बर्फात रुतत अंगणाच्या फाटकाशी आली. पेरिझात उतरली. पुरुषांचं रडणं क्षणभर थांबलं. सगळ्यांच्या नजरा तिच्यावर, आणि त्यांत मैत्री नव्हती. ती पायरीशी अडखळली, पुढे यावं की नाही कळेना.

अनिपा आपा बाहेर आल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं, आत नेलं आणि स्वतःच्या शेजारी, घरच्या लेकी बसतात त्या जागी बसवलं.

माताय माझ्या कानाशी लागला. "हिला कोणी कळवलं?"

"मी," म्हणालो.

त्यानं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, अके नव्या माणसाकडे बघायचे तसं. "का?"